ओल्या कोब्यावर ग्लू लागत नाही

प्लास्टिकचा कागद उचलला आणि मी कपाळाला हात लावला. खालच्या बाजूला थेंबच थेंब. गरम चपात्या डब्यात ठेवल्या की झाकणाला धरतात ना, तसे.

“काका, तुमच्या वडूजकडं प्यायला टँकर येतो,” मी म्हणाले, “आणि या खोलीच्या जमिनीत एवढी ओल आली कुठून?”

सुभेदारकाकांनी मिशीवरून हात फिरवला.

मी सांगलीत लाकडी फ्लोअरिंगची कामं घेते. पट्ट्या बसवण्याआधी सिमेंटच्या कोब्यावर प्लास्टिकचा कागद टेपनं चारी बाजूंनी चिकटवून रात्रभर ठेवायचा, ही आमची साधी टेस्ट. सकाळी कागद कोरडा निघाला तर काम सुरू. थेंब दिसले तर सामान परत गाडीत.

पण इथून सामान परत न्यायला मन होईना. काकांच्या पत्नी, मालनकाकू, याच खोलीत गुळगुळीत फरशीवर घसरून पडल्या होत्या. खुब्याचं ऑपरेशन झालं. सध्या साताऱ्याला लेकीकडे होत्या. हाड जुळलं, पण मनात भीती बसली. फरशी दिसली की पाय उचलायलाच तयार नाहीत. डॉक्टरांनी दिलेला वॉकर कोपऱ्यात पडून. “फरशीवर मी चालायची न्हाई,” एवढंच म्हणायच्या. म्हणून काकांनी खोलीतली फरशी उखडून टाकली, नवा कोबा घातला आणि मला बोलावलं. सागाच्या पट्ट्या, मॅट पॉलिश, पाय घट्ट राहील असं. रविवारी काकू घरी येणार होत्या.

“ताई, ओल हाय तर हाय,” काका शेवटी म्हणाले. “दारं-खिडक्या जोडत्यात त्यो पांढरा ग्लू लावा की. लय घट्ट बसतोय.”

“अहो, त्या ग्लूमध्येच पाणी असतं. दाराचा जोड इवलासा, तोही शिकंज्यात आवळून ठेवतात. इथं अख्ख्या पट्टीची पाठ भिजणार. लाकूड पाणी पिणार, फुगणार आणि वाळताना वाकडं होणार.”

“मग त्यो दोन डब्यांचा? मिसळून लावत्यात त्यो?”

म्हणजे इपॉक्सी. माणूस बरीच चौकशी करून बसला होता.

“तो वाळला की दगड होतो. साग पावसाळ्यात फुगतो, उन्हाळ्यात आकसतो. त्याला जरा हलायला वाव दिला नाही तर काहीतरी तडकणारच.”

मी आणला होता पीयू ग्लू. हा वाळल्यावरही रबरासारखा राहतो. लाकूड हललं की थोडा ताणतो, पण सोडत नाही. भरीव लाकडाला हाच बरा. पण खालून सतत ओल येत राहिली तर तो तरी काय करणार? ग्लू जागेवर राहील आणि पट्ट्यांच्या कडा वर येतील. ओल अडवायला प्रायमर मिळतो, पण त्यालाही मर्यादा आहे. इथं तर घागर उपडी केल्यासारखा प्रकार होता.

“पण पाणी आलं कुठून?” मी परत विचारलं. आवाज जरा चढलाच.

“मीच मारतोय,” काका म्हणाले.

“कधीपासून?”

“कोबा घातल्यापासनं. गवंडी म्हणला, पाणी मारा, म्हंजे कोबा पक्का हुतोय.”

“ते सुरुवातीचा आठवडाभर हो! नंतर बंद करायचं असतं.”

“तसं कुणी सांगितलं न्हाई. बंद करायचा हुकूम आलाच न्हाई.”

हसावं की रडावं कळेना. फौजेत उभी हयात गेलेला माणूस. एकदा सांगितलेलं काम दुसरा हुकूम येईपर्यंत रोज पहाटे चालू!

“आणि टँकरचं पाणी असं ओतलं?”

“माझ्या वाटणीचं ओतलं. आंघोळ दिसाआड केली. पर तिच्या खोलीला पाणी कमी पडू दिलं न्हाई.”

आता या माणसावर ओरडायचं तरी कसं? तरी खरं ते सांगावंच लागलं.

“काका, हे वाळायला महिना तरी जाईल. खिडक्या उघड्या ठेवा, पंखा लावा. रविवारचं विसरा.”

ते तिथंच कोब्यावर खाली बसले. “डॉक्टर म्हणत्यात, जेवढं पडून ऱ्हाईल तेवढं पाय आखडत्याल. महिन्यानं उठायची न्हाई ती, ताई. मला लाकडाचं काय कौतुक? ती चालली पायजे.”

मी बाहेर येऊन गाडीला टेकून चहा प्यायले. सागाच्या पट्ट्या गाडीत तशाच बांधलेल्या. मग विचार केला, ओला आहे तो इथला कोबा. साताऱ्याची फरशी थोडीच ओली आहे! तिथूनच काकांच्या लेकीला, सुनंदाला, फोन लावला आणि पाण्याचा सगळा किस्सा सांगितला.

“तुमच्याकडं लांबट पॅसेज आहे का गं?”

“आहे की. बेडरूमपासून हॉलपर्यंत.”

“माप पाठव लगेच.”

सांगलीला परतून वर्कशॉपमध्ये कोरड्या प्लायवर पट्ट्या बसवल्या. साग तेलकट असतो, म्हणून प्रत्येक पट्टीची पाठ आधी थिनरनं पुसली. दातेरी पत्र्यानं पीयू ग्लू ओढला, पट्ट्या ठोकून बसवल्या, वर वजनं ठेवली. सरकू नये म्हणून प्लायखाली रबर लावलं आणि ठेच लागू नये म्हणून दोन्ही टोकांना उतार काढला.

रविवारी काकू वडूजला आल्या नाहीत. आम्हीच साताऱ्याला गेलो.

“ह्ये काय आणलंसा?” काकूंनी खुर्चीतूनच विचारलं.

“तुझ्या खोलीची जमीन,” काका म्हणाले. “थोडी आणलीया. बाकीची वाळतीया.”

आम्ही पॅसेजमध्ये भिंतीपासून भिंतीपर्यंत पट्ट्या अंथरल्या. सुनंदानं काकूंसकट खुर्ची जवळ सरकवली, वॉकर पुढ्यात ठेवला. काकूंनी आधी नुसता अंगठा टेकवला. मग पाऊल.

“गार न्हाई,” त्या म्हणाल्या. दुसरं पाऊलही टेकवलं. मग काकांना म्हणाल्या, “तुमी त्या टोकाला हुबं ऱ्हावा.”

काका त्या टोकाला गेले आणि सवयीनं ताठ उभे राहिले.

“आवं, परेडला हाय व्हय मी? हात पुढं करा की!”

काकांनी दोन्ही हात पुढं केले. काकू उठल्या. वॉकर टेकत एक पाऊल, मग दुसरं. मध्यावर जरा थांबल्या. त्यांच्या गालांवरून पाणी ओघळत होतं, पण नजर समोरून हलली नाही. पॅसेज संपला तसा त्यांनी वॉकर सोडला आणि काकांचे हात धरले.

“सुनंदा सांगत हुती, रोज आंघोळ करत नव्हतासा काय?” त्या म्हणाल्या.

“करतो की आता,” काका म्हणाले, आणि सुभेदार ढसाढसा रडले. सुनंदा हसत होती आणि ओढणीनं डोळे पुसत होती. मी उगीचच खाली वाकून पट्ट्यांचे जोड तपासत बसले.

कोबा वाळायला महिन्याहून जास्तच लागला. कागद कोरडाठाक निघाला तेव्हाच मी ग्लूचा डबा उघडला. काम संपल्यावर काकू स्वतःच्या पायांनी खोलीत आल्या. वॉकर भिंतीला लावला, काठी घेतली आणि खिडकीपर्यंत जाऊन परत आल्या. “झ्याक झालंय,” म्हणाल्या आणि आम्हाला जेवायला वाढायला निघाल्या. सुनंदानं धरून बसवलं म्हणून बसल्या.

लाकडी जमिनीला सगळ्यात चांगला ग्लू कोणता, असं लोक मला फोनवर विचारतात. मी आधी उलट विचारते, खाली ओल किती आहे आणि वर चालणार कोण? निम्मे लोक वैतागून फोन ठेवतात.