आडव्या सायकलचं वजन

शेजारच्या ताईंची एक सवय होती. कुठलीही वस्तू दोन बोटांनी उचलायची, क्षणभर डोळे मिटायचे आणि म्हणायचं, "वजन अजून उतरेल." माझ्या हातातला जाड शब्दकोशही त्यांनी एकदा असाच उचलून पाहिला होता.

परळच्या पुलाखालून सकाळी गेला असाल तर तुम्हीही त्यांना पाहिलं असेल. आडव्या सायकलवर पाठ टेकून, पाय पुढे करून, आरामखुर्चीसकट निघाल्यासारख्या. मागे काठीला लाल फडकं, बसवाल्यांना दिसावं म्हणून. केळेवाला हटकायचा, "ताई, झोपून कुठं चाललात?"

"बत्तीस वर्षं उभी होते," त्या न थांबता म्हणायच्या. ती बत्तीस वर्षं रेल्वेच्या कारखान्यात फिटर म्हणून गेली होती.

चाळीत आमच्या खोल्या शेजारी, दुसऱ्या मजल्यावर. मी ग्रंथालयात काम करतो, तरी त्या मला मास्तर म्हणत. मणक्याच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी त्यांची साधी सायकल बंद केली आणि बारा किलोच्या वर काही उचलायचं नाही म्हणून बजावलं. घरात बसून राहणं त्यांना जमणारं नव्हतं. त्यांनी आडवी सायकल मिळवली. ती भरली चौदा किलो सहाशे. जिन्याखाली सायकली ठेवायला चाळीच्या कमिटीची मनाई, म्हणून चाकं वेगळी, सीट वेगळी करून त्या ती तीन खेपांत वर नेत. मी उचलतो म्हटलं, तर म्हणाल्या, "मग सायकल तुमची झाली."

मुलगा कल्याणला. तो फोनवर म्हणे, "आई, विकून टाक ती आणि इकडे ये." "ज्या दिवशी मला एकटीला उचलवणार नाही, त्या दिवशी येईन," असं त्यांनी त्याला सांगून ठेवलं होतं.

सायकल बारा किलोवर आणून एका खेपेत वर न्यायची, असं त्यांनी ठरवलं. फ्रेम ॲल्युमिनियमची, तिथं कमी करण्यासारखं काही नव्हतं. वजन होतं पायडलपासून मागच्या चाकापर्यंतच्या पसाऱ्यात. पाय पुढे आणि फिरवायचं चाक मागे, त्यामुळे साखळी साध्या सायकलच्या जवळजवळ तिप्पट. पुढच्या तीन दातेरी चकत्यांपैकी दोन गेल्या, त्यांच्याबरोबर गिअरची खिट्टी आणि तारही. साखळीला वाट देणारी लोखंडी पुली काढून, जुन्या सहकाऱ्याच्या लेथवर स्वतः कातलेली नायलॉनची पुली बसवली.

"चढाला काय करणार?" मी विचारलं.

"उतरून चालेन. जिन्यात तसं नाही ना करता येत."

साखळीवरची प्लास्टिकची नळीही काढली. बुद्धपौर्णिमेला नवा पांढरा सलवार-कुर्ता घालून निघाल्या आणि पोटरीवर काळी सरळ रेघ घेऊन परतल्या. समोरच्या वहिनी हसू दाबत उभ्या होत्या. "पट्टी लावून मारलीय बघा," म्हणत त्यांनी अर्धी नळी परत बसवली.

बारा-सातशेवर गाडं अडलं. सातशे ग्रॅमनं काय होतंय, असं मी म्हणून पाहिलं.

"ड्रॉइंगवर बारा लिहिलं की बारा, मास्तर."

डॉक्टरांचं बोलणं त्यांनी कारखान्यातल्या ड्रॉइंगसारखं घेतलं होतं. आता उरला होता पायडलचा दांडा. त्याला भोकं पाडायची म्हणून खडूनं खुणा केल्या. असा दांडा पोखरला तर एक दिवस पायाखाली मोडतो, हे त्यांनीच मला पूर्वी सांगितलेलं. दोन दिवस ड्रिल तसंच पडून राहिलं. त्या गॅलरीत येरझारा घालत राहिल्या, आणि भिंतीपलीकडे माझंही वाचनात लक्ष लागेना.

तिसऱ्या दिवशी मागच्या चाकावरची दोन मोठी दातेरी चक्रं काढून त्यांनी खाली अंगणात शेवटचं वजन करायला घेतलं. नाहीच जमलं तर ड्रिल. काटा भंगारवाल्याचा, लटकता. त्या काटा धरत आणि आकडा मी वाचत असे. आकडा होता बारा-चारशे.

"बारा," मी म्हटलं.

त्यांनी वाकून पाहिलं नाही. सायकल खांद्यावर घेतली आणि जिना चढू लागल्या. पहिल्या मजल्यावर मागे न वळता म्हणाल्या, "चारशे ग्रॅम खाल्लेत तुम्ही. हाताला कळतं." आणखी चार पायऱ्यांनंतर म्हणाल्या, "असू दे. त्या दांड्याला भोक पाडायला माझाही हात धजत नव्हता."

दोन वर्षं सायकल रोज खाली-वर झाली. मग रक्ताचा आजार निघाला. सायकल बारा-चारशेच राहिली, त्या मात्र हलक्या होत गेल्या. मी त्यांच्या मागून दोन पायऱ्या सोडून उतरत असे, हात पाठीशी बांधून. मदतीची नुसती तयारी दिसली तरी त्या चिडत.

एका सकाळी पहिल्या मजल्यावर त्यांनी सायकल टेकवली. कठडा धरून बराच वेळ उभ्या राहिल्या.

"धरा पुढून."

कुठं धरायचं हेही मला माहीत नव्हतं. साखळीचं ग्रीस बोटांना लागलं. खाली आल्यावर त्या सीटवर रेलल्या, पाय वर घेतले आणि म्हणाल्या, "कल्याणला बोलू नका." प्रभादेवीपर्यंत जाऊन आल्या.

अकरा दिवस आम्ही दोघांनी मिळून ती खाली नेली, वर आणली. बाराव्या दिवशी त्यांना हॉस्पिटलात हलवलं. तिथून त्या परतल्या नाहीत.

नंतर मुलगा सायकल न्यायला आला. खांद्यावर घेताना त्यानं विचारलं, "काका, आई शेवटपर्यंत एकटीच उचलायची ही?"

"एकटीच," मी म्हटलं.

तो उतरू लागला. पहिल्या मजल्यावर त्याची पावलं थांबली. खाली जाऊन हात द्यावा असं फार वाटलं. गॅलरीत दोनदा जिन्यापर्यंत गेलो आणि दोन्ही वेळा परत फिरलो.