साबूत दाणे

त्या वर्षी आई माझ्याकडे अर्जुनीला राहायला आली तेव्हा तिचं वजन छत्तीस किलो होतं. गावी भावाकडे असतानाच तिचं अंग बाहेर यायला, गर्भाशय खाली उतरायला लागलं होतं आणि दोन वर्षं तिने ते कुणाला सांगितलं नव्हतं. भाताच्या बांधीतलं रोवणं, डोक्यावरचे भारे, चार बाळंतपणं. गोंदियाच्या डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं, ऑपरेशन करावंच लागेल, पण या वजनावर मी हात लावणार नाही. चाळीस किलो करून आणा.

त्यांनी खाण्याचा कागद लिहून दिला. डाळ, अंडी, मासे, आणि रोज मूठभर सुकामेवा. एकच एक नको, मिसळून द्या, म्हणाल्या.

कागद हातात आला की मला बरं वाटतं. मी एका शाळेच्या कार्यालयात लिपिक होते, नवरा बदलीच्या गावी, शनिवारी यायचा. याद्यांच्या आधारानेच मी दिवस ढकलत होते. दवाखान्यातून निघून स्टेशनजवळच्या दुकानात गेले आणि यादी पुढे केली. बदाम, काजू, अक्रोड, चारोळी, गोडंबी.

"शादी है क्या दीदी घर में?" दुकानदाराने विचारलं.

"नहीं. माँ खाएगी."

"रोज?" असं म्हणून त्याने बाकावर बसलेल्या आईकडे पाहिलं. आई दुसरीकडे बघत होती.

घरी मसाल्याचा एक जादा डबा होता. सात वाट्यांचा. सात वार, सात वाट्या. दर रविवारी मी त्या भरायची. प्रत्येकीत चार बदाम, चार काजू, दोन अक्रोड, चमचाभर चारोळी, दोनचार गोडंब्या आणि वर भुईमुगाचे भाजलेले फल्लीदाणे. फ्रिजवर तक्ता चिकटवला. आईला लिहिता येत नाही, पण रेघ मारता येते. वाटी संपली की त्या दिवसाच्या चौकटीत पेन्सिलीने एक रेघ मारायची, असं ठरलं.

सकाळी साडेपाचला उठणं, माझा डबा, आईचं दुपारचं जेवण, तिचं गरम पाणी, शाळेत परीक्षेचे अर्ज, परत येताना भाजी. संध्याकाळी घरात पाऊल टाकलं की आधी तक्ता बघायची. रेघ असायची. रोज, न चुकता. दिवसभरात एवढी एकच गोष्ट मनासारखी व्हायची.

महिन्याने वजन केलं. साडेछत्तीस.

"खातेस ना व सगळं?" मी विचारलं.

"खातो ना. अक्रोड चांगला रायते. कडवट रायते, पण चांगला."

मी यादीत अक्रोड वाढवले. काजू कमी केले, म्हटलं पचत नसतील. दुसऱ्या महिन्यात सदतीस. मग मी रात्रीच्या भातावर तूप वाढवलं, अंडं एकाचं दोन केलं. डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, खाल्लेलं अंगी लागत नाही का ते बघू, आणखी तपासण्या कराव्या लागतील. मी तपासण्यांची यादी केली. आईला उठता-बसता त्रास वाढला होता. ती फक्त पाट ओढून त्यावर जपून बसायची.

एका दुपारी शाळेत मीटिंग रद्द झाली आणि मी लवकर घरी आले. मागच्या अंगणात आई बसली होती. मांडीवर सूप. सूप तिने गावाहून येताना आणलं होतं आणि मी तिला विचारलंसुद्धा होतं, काऊन आणलं हे, माझ्याकडे तांदूळ निवडलेलाच येतो. आता त्या सुपात माझी बुधवारची वाटी होती. आई एकेक दाणा बोटाने सरकवत होती. फुटका एका बाजूला, साबूत दुसऱ्या बाजूला. फुटके तिने तोंडात टाकले, हळूहळू चावले. साबूत दाणे शेजारच्या फडक्यावर जमा केले, फडक्याची पुरचुंडी बांधली, आणि उठून आत जाऊन तक्त्यावर रेघ मारली.

मी दारातच उभी होते.

"किती पुरचुंड्या आहेत?"

ती दचकली नाही. आपल्या पत्र्याच्या पेटीकडे हात दाखवला. बदामांच्या तीन निघाल्या, काजूंच्या दोन, गोडंबीची एक, चारोळीची मोठी. फल्लीदाणेसुद्धा, अख्खे तेवढे. अक्रोड मात्र एकही नव्हता. अक्रोड फोडताना तुकडेच होतात.

"रेघ काऊन मारली मग? खाल्लं नाही तर?"

"खाल्लं ना व. तुकडे खाल्ले. मी काय लबाड हाव?"

"अना हे?"

"साबूत दाना कोणी खाते का?"

मी खाली बसले. मला रडायला आलं नाही, फक्त कंटाळा आला. तीन महिन्यांचा कंटाळा एकदम पायांत उतरल्यासारखा.

नवेगावच्या जंगलाच्या कडेचं आमचं गाव. उन्हाळ्यात आई चार, म्हणजे चारोळीची फळं, वेचायला जायची. काळी पिकलेली फळं पाण्यात चोळून गर काढायचा, बिया वाळवायच्या, मग जात्यावर त्या फोडायच्या. जातं इतकं हलकं फिरवायचं की कवच फुटेल पण आतली चारोळी फुटणार नाही. बिब्ब्यातून गोडंबी काढायची म्हणजे तर तेलाने बोटं जळायची. तिच्या अंगठ्यावरचा काळा डाग अजून आहे. आठवडी बाजारात व्यापारी फक्त साबूत दाणे घ्यायचा. तुकडे परत आमच्या पदरात. ते आम्ही खायचो, तेवढीच आमची चारोळी. मी एकदा साबूत दाण्यांची चिमूट तोंडात टाकली होती तेव्हा आईने माझ्या हातावर चापट मारली होती. मला हे सगळं ठाऊक होतं. तरी ते माझ्या एकाही यादीत आलं नव्हतं.

"कोणाले विकणार आता तू?" मी विचारलं.

"विकत नाही. ठेवून राहिली."

"कोणासाठी?"

तिने जरा विचार केला. "असेच. चांगले हायेत ना."

दुसऱ्या दिवसापासून मी अर्धा तास आधी उठायला लागले. पाट्यावर फडकं, फडक्यात दिवसाचे दाणे, वर वरवंटा. पुरचुंड्यांतले सगळे आधी संपवले. आई पाठीमागे उभी राहून बघायची.

"सोन्यासारखा दाना फोडून राहिली," ती म्हणायची. "तुयापेक्षा कसाई पुरला."

"खा मुकाट्यानं."

ती खायची. सगळं. कधी त्यात गूळ घालून मागायची, कधी दह्यात. गोडंबी भाजून दे म्हणायची. चारोळीचा तुकडा जिभेवर धरून बसायची. तपासण्यांची गरजच पडली नाही. पुढच्या महिन्यात अडतीस, त्याच्या पुढच्या महिन्यात एकोणचाळीसच्या वर. मला मात्र त्या वरवंट्याने खांदा धरला आणि शाळेत फाइल काढायला हात वर जाईना.

गोंदियाला गेलो तेव्हा काटा चाळीसच्या एक रेघ अलीकडे थांबला. डॉक्टरीणबाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, रक्ताचा रिपोर्ट पाहिला आणि म्हणाल्या, "चालेल. सोमवारी भरती व्हा." मी पिशवीतून कागद काढून लिहून घेतलं. दोन साड्या, तांब्या, चादर, रजेचा अर्ज.

परतीच्या पॅसेंजरला वेळ होता. फलाटावर बसल्यावर वाटी आठवली. सकाळची गाडी पकडायच्या घाईत दाणे फोडायचे राहिले होते, तसेच पुडीत टाकले होते. मी पुडी उघडली आणि आईसमोर धरली.

"आज साबूत आहेत. जमलं नाही मला."

तिने पुडीत पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मी खांदा चोळत होते. तिने एक बदाम उचलला आणि दातांनी मधोमध तोडला. तिचे दात माझ्यापेक्षा चांगले आहेत. अर्धा तोंडात ठेवला, अर्धा माझ्यापुढे केला.

"घे. झाला तुकडा."

मी घेतला. तिने दुसरा बदाम उचलला. गाडी येईपर्यंत तिने सगळी पुडी तशीच संपवली, एकेक दाणा तोडत, अर्धा तिला, अर्धा मला. डॉक्टरीणबाईंनी सांगितलेल्या मापाच्या निम्मंच तिच्या पोटात गेलं. तरी घरी आल्यावर तक्त्यावर रेघ तिनेच मारली.