छातीवरचा हात

सुलभाचा फोन आला तेव्हा मी दोडका चिरत होते. "वन्सं, हे शाळेला निघाले हुते, उंबऱ्यातच बसले… उठनातच," एवढंच माझी भावजय बोलली. माझा धाकटा भाऊ दत्ता फलटणच्या एका हायस्कुलात पोरांना बेसबॉल शिकवायचा. आदल्याच दिवशी सांगलीत, माझ्या डोळ्यांदेखत, त्याची पोरं मॅच हरली होती. खरं सांगते, पहिल्यांदा मला दुःख झालंच नाही. राग आला. म्हटलं, गाढवा, काल सांगत होते ना तुला…

कुस्ती-कबड्डीच्या मुलखात ह्यानं हा खेळ का धरला, ते आमच्या घरात कुणाला कधी कळलं नाही. आमचे वडील, अण्णा, म्हणायचे, "कुस्ती शिकीव की रं, ह्यो कसला परमुलखातला इटीदांडू?" दत्ता हसायचा. "कुस्तीत दम लागतो, अण्णा. ह्यात वाट बघाय लागती. वाट बघताना डोकं ठिकाणावर ठिवायचं, हे लय अवघड." आणि ते खरंच होतं. मैदानाच्या टोकाला उभं राहिलेलं पोरगं चेंडू येत नाही म्हणून कंटाळतं, रस्त्यानं चाललेल्या उसाच्या ट्रॅक्टरकडे बघत बसतं आणि नेमका तेव्हाच चेंडू येतो. म्हणून दत्ता बाकावरून सारखा एकेकाला विचारत राहायचा, "आला तर कुठं टाकशील?" चेंडू यायच्या आधीच पोरानं ओरडून उत्तर द्यायचं. राखीव पोरांनाही त्यातून सुट्टी नव्हती. मात्र चूक झाली तर शिवी नाही की डोळे वटारणं नाही. पोरानं वाकून चिमूटभर माती उचलायची आणि खांद्यावरून मागं टाकायची. "चूक मागं गेली. आता फुडचा चेंडू बघ." रडकुंडीला आलेली पोरं माती टाकून ताठ उभी राहिलेली मी पाहिली आहेत.

आणखी एक हट्ट होता त्याचा. मॅच चालू असताना स्वतः बाकावरून हलायचं नाही. "मी उठलो की पोरांची नजर माझ्यामागनं येती, अक्का." ह्या हट्टानंच घात केला.

सांगली माझं सासर, म्हणून मॅचच्या दिवशी मी पिठलं-भाकरी घेऊन मैदानावर गेले होते. त्यानं घास तोडला नाही. ऊन तसं नव्हतं, तरी कपाळ घामानं थबथबलेलं. मी म्हटलं, "चल, डॉक्टरला दाखवू." तर म्हणाला, "मॅच हु दे." शेवटचा डाव, फक्त एका धावेनं मागे, आणि आणखी एक गडी बाद झाला की खेळ संपला. दहावीतला सूरज दुसऱ्या बेसवर, म्हणजे धावेच्या अर्ध्या वाटेवर, उभा होता आणि बाकाकडे बघत होता, कारण पळायचं की थांबायचं ते दत्ता खुणेनं सांगायचा. तळहात छातीवर टेकवला, की पळायचं. आणि तेवढ्यात दत्ताचा हात छातीवर गेला… सूरज पळाला. बाद झाला. मॅच गेली.

पोरगं खाली मान घालून आलं. दत्तानं पाठीवर हात ठेवला. "बरोबर पळालास. खूण मीच केली, माझाच अंदाज चुकला." ते लांब गेल्यावर मला हळूच म्हणाला, "अक्का, कळ आलती गं. त्याला सांगू नको. परत कवा माझ्या खुणंवर पळायचं न्हाई त्ये." मी त्याचा हात धरला, दवाखान्यात चल म्हटलं. त्यानं हात सोडवून घेतला. पोरांना घरी पोचवतो, उद्या बघू, म्हणाला आणि गाडीत बसला.

तेरावं झाल्यावरही मी फलटणला राहिले होते. सूरजनं खेळ सोडलाय, हे सुलभाच्या कानावर आलं होतं. एके दिवशी दुपारी तो घरी आला. खुंटीवर दत्ताची टोपी होती, तिच्याकडे त्यानं एकदा बघितलं. मग म्हणाला, "अक्का, तुमी बाकाजवळच हुता. ती खूणच हुती का?"

भावानं शेवटचं काही मागितलं होतं माझ्याकडे, तर ते हेच. मी म्हटलं, "खूणच होती, बाबा."

त्यानं मान हलवली. "सर खूण करताना उजवा हात लावायचे. त्या दिशी डावा हुता, आन मूठ आवळल्याली. मला दिसलं हुतं, अक्का. तरी पळालो. म्हटलं, सरांनी हात लावलाय म्हंजी पळायचंच."

मग मात्र मला राहवलं नाही. कळ आली, त्यानं लपवली, दवाखाना नको म्हणाला, सगळं सांगून टाकलं. "मोठ्या माणसानं आपल्या हट्टापायी लपवलं ते तू कशाला माथी घेतोस रे?" आत सुलभा रडत होती. सूरज रडला नाही. उठला, अंगणात गेला, जास्वंदीच्या आळ्यापाशी वाकला आणि चिमूटभर माती उचलली. मी दारातून बघत होते. आता टाकील, मग टाकील… हात खांद्यापर्यंत गेला आणि तिथंच थांबला. मग त्यानं मूठ मिटली, दुसऱ्या हातानं फाटक लावलं आणि ती माती तशीच घेऊन निघून गेला.