भिंतीतला खळगा

“तुही बायको घर खाते, घर! आज भिंत खाल्ली, उद्या चूल खाईन. मंग आमाले कुठं ठेवशीन गा तू?”

हे आजीचं बोलणं. भर दुपारचं, वैशाखातलं. सात वर्षांची गोपिका कणगीमागे पडून होती. नुकताच गोवर निघून गेला होता, म्हणून कोणी तिला कामाला उठवलं नव्हतं. निजलेल्या पोरीला कान नसतात असं मोठ्या माणसांना वाटतं. गोपिकाला ते कान त्या दिवशी फुटले आणि जन्मभर पुरले.

बाप, रुपराव, शेतावरून जेवायला आला होता. “हळू बोल ना माय. आंगणातच हाय ते, आयकू जाईन.”

“आयकू दे! गावात लोकं म्हणतीन, रुपरावच्या घरी पोटाले भाकर नाई म्हणून सून माती खाते. भाकर देतो का नाई मी तिले? सांग!”

“देते ना वं. कोण नाई म्हणते?”

“मंग काहून खाते?”

बापानं भाजीतली मिरची ताटाच्या कडेला लावली, पुन्हा उचलून खाल्ली. मग म्हणाला, “कामठीले डाक्टरले दाखवू का?”

“कायले? माही सून भिंत खाते, असं सांगाले? जाय, बैलबंडी जुंप अन् दवंडीच देत जाय!”

दवंडी नको म्हणून डॉक्टर राहिला. दुसऱ्या दिवशी आजीनं शेणामातीत मूठभर तिखट कालवलं आणि चुलीमागच्या भिंतीतला सुनेनं कोरलेला खळगा लिंपून टाकला. आजी दुष्ट नव्हती, हे सांगायला हवं. स्वतःच्या वाटची भाकर तिनं कितीदा तरी सुनेच्या ताटात टाकली होती. फक्त भाकर देऊनही माणूस माती खातो, हे तिच्या समजेबाहेरचं होतं.

दिवेलागणीला गोपिका चुलीजवळ गेली तर आई, शामला, भिंतीशी बसली होती. सहावा महिना होता तिला. दाताखाली करकर आवाज येत होता, कोणी जात्यात वाळू दळावी तसा. तिखटानं डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. लेकीला पाहून ती हसली. “भल्ली तिखट भाजी केली वं आज तुह्या आजीनं.”

पोळ्याच्या आठवड्यात आई बाळंत झाली आणि संध्याकाळपर्यंत गेली. बाळ तिसऱ्या दिवशी तिच्यामागे गेलं. सुईण हात धुता धुता म्हणाली, “रक्त होतंच कुठं अंगात, गेलं ते पाणीच गेलं.” आईच्या हाताची नखं गोपिकानं पाहिली. भिजवलेल्या तांदळासारखी पांढरी होती. एका नखात मात्र लाल मातीची रेघ राहिली होती.

त्यानंतर गोपिकाला तांदळातला खडा सोसेना. लग्न होऊन ती कामठीला आली. नवरा, आनंदराव, मागावर होता आणि ती घरी बसून त्या मागासाठी कांड्या भरायची, म्हणजे धोट्यात बसवायच्या नळ्यांवर सूत गुंडाळायची. काम आटोपलं की सूप घेऊन तांदूळ निवडायला बसायची आणि तास तास उठायची नाही. शेजारणी म्हणायच्या, “गोपिका, तांदूळ निवडून राहिली का नवरदेव?” ती म्हणायची, “नवरदेव एकदाच निवडला, तो बी बापानं. तांदूळ तरी माह्या हातचा राहू द्या.” असं हसून सोडायची. पण घास घेताना एखादा खडा दाताखाली आलाच तर ताटावरून उठून जायची आणि त्या दिवशी पुन्हा जेवायची नाही.

आनंदराव गेला. मुलगा प्रेमानंद बुटीबोरीच्या कारखान्यात लागला, तिकडेच खोली करून राहिला, रविवारी तेवढा घरी यायचा. गोपिकाबाईची साठी उलटली. कांड्या सुटल्या नाहीत आणि त्यात बुधवारचं एक काम वाढलं.

त्यांच्या मोहल्ल्यापासून दवाखाना दोन मैल. तिथं नर्सबाईची जागा रिकामी होती. मिनल सिस्टर दुसरीकडची होती, ती इथं फक्त बुधवारी यायची, दहा ते एक. आणि दहा ते एक मोहल्ल्यातली कोणती बाई मोकळी असते? कोणी मागाच्या शेडमध्ये, कोणी लोकांच्या घरी भांड्यावर. एक दिवस गेलं की तेवढी रोजी बुडते, आणि गेल्यावर कळतं की आज सिस्टरची मीटिंग आहे. म्हणून गोपिकाबाई मोहल्ल्यातल्या पोटुशा-बाळंतिणींची दवाखान्याची कार्डं पिशवीत घालून जायची आणि त्यांच्या रक्तवाढीच्या लाल गोळ्या आणायची. सिस्टर दरवेळी म्हणायची, “काकू, हे नियमात बसत नाही हं.” गोपिकाबाई म्हणायची, “मले बी बसाले कोणी खुर्ची नाई देऊन राहिलं बाई. उभ्याउभ्याच दे.”

शिक्षण दुसरीपर्यंतचं. गोळ्यांवरची अक्षरं लागायची नाहीत. पण उरलेल्या सुताचे दोरे घरात होते. ज्या बाईचा जो दोरा ठरला, त्यानं ती तिची गोळ्यांची पुडी बांधायची. अकरा बाया, अकरा रंग. कधी घोटाळा झाला नाही. चार वाजता माग थांबायचे, चहा व्हायचा, तेव्हा ती दारोदार फिरून पुड्या द्यायची. गोळीनं मळमळतं, तोंडाला गंज चढल्यासारखं होतं, अशी सगळ्यांची कुरकुर. त्यावर तोड तिनंच काढली होती: “चहाच्या घोटासंगं गीळ वं. मालूम बी नाई पडत.” खरंच मालूम पडायचं नाही. मोहल्ल्यात तशी रीतच पडून गेली. चार वाजताचा चहा आणि लाल गोळी.

सून भावना घरात आली आणि दोन वर्षांनी तिला दिवस गेले. गोपिकाबाईनं तिला हिरवा दोरा दिला. अंबाडीची भाजी लोखंडी कढईत काळी होईस्तोवर शिजवली, गूळ-शेंगदाणे उशाशी ठेवले. कोणी म्हणालं बीट द्या, रंग पाहा कसा लाल. गोपिकाबाई म्हणाली, “रंगानंच रक्त होत असतं तर लुगडी रंगवणारा पहेलवान झाला असता.” पण बीट आणलं. आणि रोज चार वाजता आपल्या हातानं चहा करून गोळीसोबत सुनेला दिला.

तरी पोरीचे ओठ फिके ते फिकेच. दोन पायऱ्या चढली की खांबाला धरायची.

सहावा महिना लागला तेव्हाची गोष्ट. गोपिकाबाई मागच्या खोलीच्या दाराशी तांदूळ निवडत होती. त्या खोलीवर अजून मातीची कौलं, म्हणजे कवेलूच होते, आणि फुटले तर लागतील म्हणून चारदोन जास्तीचे कवेलू भिंतीशी रचून ठेवले होते. आतून आवाज आला. करकर.

सूप हातात तसंच राहिलं. पन्नासावर वर्षं झाली होती. तरी तो आवाज ओळखायला तिला मान वळवावी लागली नाही.

आत भावना पाठमोरी बसली होती. समोर बिस्किटाचा डबा, त्यात कवेलूचे सुपारीएवढे तुकडे, नीट धुऊन वाळवलेले. आणि गोपिकाबाईच्या तोंडून निघालं, “घर खातं का वं? उद्या चूल खाशीन?”

आवाज तिचा होता, बोलणं आजीचं. इतकी वर्षं हे वाक्य कुठं बसून होतं कोण जाणे. भिंतीला टेकून ती खाली बसली.

भावना रडायला लागली. “कोणाले सांगू नका ना आई. राहावतच नाई. तिसऱ्या महिन्यापासून चालू हाय.”

“रडू नको. मी बी कोणाले सांगितलं नाई अजून.”

“काय?”

“माह्या मायचं,” गोपिकाबाई म्हणाली, आणि सगळं सांगितलं. तिखटाचं पण सांगितलं. प्रेमानंदलासुद्धा तिनं हे कधी सांगितलं नव्हतं.

बुधवारी तिनं भावनाला घेतलं आणि दवाखान्यात नेलं. सिस्टरच्या टेबलापुढं डबा उघडून ठेवला. “हे पाहा. सून माही कवेलू खाते. आता काय दवंडी पिटाची ते पिटा, पण तपासा.”

मिनल सिस्टरनं दवंडी पिटली नाही. बोट टोचलं, यंत्रात पाहिलं, तोंड गंभीर केलं. “हिमोग्लोबिन साडेसात. रक्तात लोह कमी झालं की काहींना अशी मातीची ओढ लागते, काकू. पण गोळ्या तर दोन-अडीच महिने चालू आहेत! घेते ना ही?”

“माह्या डोळ्यांपुढं घेते.”

“कशासोबत?”

“चहासंगं.”

सिस्टरनं पेन खाली ठेवलं. चहा गोळीतलं लोह अंगाला नीट लागू देत नाही, असं तिनं समजावलं. चहाच्या आधी-नंतर एक-दोन तास गोळी घ्यायची नाही, लिंबूपाण्यासोबत घ्यायची. “मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की, बायकांना.”

सांगितलं असेल. पण बायका पहिल्या दिवशी आल्या होत्याच कुठं? आली होती ती पिशवी.

गोपिकाबाईनं विचारलं, “म्हणजे अकराही जणींचं वाया गेलं?”

“सगळं नाही. बरंचसं.”

त्या दिवशी परत येताना शेअर ऑटोत ती पिशवीतली कार्डं एकेक मोजत बसली. आजीनं एका भिंतीत तिखट कालवलं होतं. आपण अकरा घरी जाऊन प्रेमानं कालवत होतो.

आता गोळ्यांनी भागणार नव्हतं. नागपूरच्या मोठ्या सरकारी इस्पितळात नेऊन नसेतून लोहाची बाटली लावायची, अशा चार-पाच बाटल्या. पहिल्या खेपेला दोघी पोहोचल्या तोवर चिठ्ठीची खिडकी बंद. दुसऱ्या खेपेला कार्डाची झेरॉक्स नाही म्हणून फिरवलं. तिसऱ्या खेपेला गोपिकाबाई सुनेला घेऊन पहाटेच्या पहिल्या बसनं गेली आणि खिडकीपुढं पहिल्या नंबरावर मांडी घालून बसली. खिडकीवाला आल्यावर म्हणाला, “आजी, उठा, लाईन लावा.” ती म्हणाली, “लाईन मीच हावो बाबू. बाकीचे माह्यामागं.” त्या दिवसापासून बाटल्या लागल्या. भावनाच्या नसेत ते काळपट पाणी थेंब थेंब उतरायचं आणि गोपिकाबाई सुनेच्या नखांकडे पाहत बसायची.

बाळंतपण त्याच इस्पितळात झालं. मुलगी झाली. रक्त बरंच गेलं, डॉक्टरीणबाईंची धावपळ उडाली. बाहेर बाकावर गोपिकाबाईला सारखी ती करकर ऐकू येत होती. प्रेमानंदनं तिचा खांदा हलवला तेव्हा कळलं, तिचेच दात वाजत होते.

शेवटी डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. “रक्त गेलं आजी, पण जायला अंगात होतं. आधी आणलंत म्हणून.”

लोकांना वाटलं आता म्हातारी निश्चिंत होईल. ती झाली नाही. मोहल्ल्यात एकदोन जुनी मातीची घरं उरली होती. तिथं पुडी द्यायला गेली की जाताना चुलीमागच्या भिंतीवरून हात फिरवून पाहायची. “काय पाहून राहिल्या काकू?” “ओल पाहतो.” कोणी नवीन सून कोपऱ्यात काही चावताना दिसली की हिचा चेहरा पांढरा व्हायचा. मग ती बडीशेप निघाली तरी दिवसभर चेहऱ्यावर रंग परतायचा नाही.

आणि चेहरा तसाही पांढराच असायचा. मिनल सिस्टरनं एकदा तिच्या डोळ्याची पापणी खाली ओढली. “काकू, तुमचं स्वतःचं रक्त तपासा आधी.”

“मोतीबिंदू हाय तिथं, रक्त काय पाहतं?”

सिस्टरनं जबरदस्तीनं तिच्यासाठीही पुडी दिली, नागपूरला जाण्याची चिठ्ठी लिहिली. पुडीला गोपिकाबाईनं पांढरा दोरा बांधला, आणि जिचं अजून कार्ड झालं नव्हतं अशा एका पोरीला ती देऊन टाकली. चिठ्ठी घडी करून पिशवीत ठेवली. नागपूरची ती खिडकी दुसऱ्यासाठी पुन्हा दहादा धरली असती. स्वतःसाठी पहाटेची बस धरायचं तिच्या मनातच आलं नाही.

पौषातला तो बुधवार तिचा शेवटचा. गुरुवारी दुपारी ती निजली ती उठली नाही. पण बुधवारी हे कोणाला माहीत असणार.

सकाळी कार्डं पिशवीत घातली, दवाखान्यात गेली, वाटेत दोनदा लोकांच्या ओट्यावर टेकली. येताना बाजारातून अकरा लिंबं घेतली. चारला माग थांबले तशी निघाली. निळा दोरा, पिवळा, जांभळा. पुडीसोबत लिंबू. प्रत्येक दारात तोच प्रश्न, “चहा झाला?” झाला म्हटलं की, “मंग आता नाई. रातच्याले, जेवणाच्या आंधी.” कडेच्या मातीच्या घरी सुनेच्या हातात पुडी दिली आणि चुलीमागं वाकून भिंतीवर हात फिरवला.

“आहे का ओल?” सुनेनं हसून विचारलं.

“नाई वं.”

मग घरी आली. भावना पोरीला मांडीवर घेऊन चहा पीत होती. तिनं हात पुढं केला तशी गोपिकाबाईनं हिरवी पुडी मागं घेतली.

“कप खाली गेला का? नाई ना? मंग थांब, रातच्याले घेजो.” पुडी तिनं फळीवर ठेवली, त्यावर लिंबू ठेवलं, पिशवी खुंटीला अडकवली, आणि उद्याचे तांदूळ निवडायला सूप काढलं.