भोंग्यावरची दोन मिनिटं

त्या ठेकेदाराचा मला अजून राग येतो. इतकी वर्षं झाली, पण कुठे उगाच हसत बोलणारा निवेदक ऐकला की आधी तोच आठवतो.

तुर्भ्याच्या बाजारातल्या भोंग्याला आम्ही सगळे रेडिओच म्हणायचो. कांद्या-बटाट्याच्या गाळ्यांवर पत्र्याची खोली, तिथे एक टेप, एक माइक आणि मी. खाली खांबाखांबावर कर्णे. वडील तिथेच माथाडी होते. आमच्यात बारावी झालेली मी एकटीच, वासरात लंगडी गाय शहाणी, म्हणून व्यापाऱ्यांनी मला बसवलं.

कार्यक्रम साधा होता. सकाळी अभंग, मग भाव, मग चिठ्ठ्या. माथाडी बहुतेक साताऱ्याकडचे, आणि गावात फोन नव्हते. घरची माणसं माल घेऊन निघणाऱ्या ट्रकवाल्याकडे चिठ्ठी द्यायची आणि तो ती आमच्या डब्यात टाकायचा. मी चिठ्ठी उघडून मनात वाचायचे, कर्ण्यावर मात्र फक्त नाव आणि गाव पुकारायचे. माणूस काम उरकून वर यायचा आणि चिठ्ठी घेऊन जायचा.

मयताची चिठ्ठी असली की नाव पुकारून टेप बंद ठेवायचा. दोन मिनिटं काहीच नाही. बाजारात एवढा कालवा, तरी भोंगा बंद पडलेला सगळ्यांना कळायचा. ज्याचं नाव, तो पाठीवरची गोणी जागेवर टाकायचा. मुकादम त्याचं काम दुसऱ्याला द्यायचा आणि कोणीतरी धावत जाऊन गावाकडे परतणारा ट्रक थांबवायचं. तुझी आई गेली, असं भर बाजारात ओरडून सांगू नये म्हणून ही रीत. ज्याने कोणी पाडली त्याला अक्कल होती.

मग मुंबईच्या एफएमवर खासगी कंपन्यांना तास विकत मिळू लागले. तिथले निवेदक खिदळत बोलायचे आणि आमच्या व्यापाऱ्यांनाही तसंच हवंसं झालं. भोंगा जाहिरातीच्या ठेकेदाराकडे गेला. अभंग दोनच राहिले, भाव घाईघाईत, आणि बाकी सगळी सिनेमाची गाणी, मसाल्याच्या नि बनियनच्या जाहिराती. मला "हॅलो तुर्भे" म्हणायला लावलं. तेही म्हटलं, लाज गिळून.

"मॅडम, एक सेकंद पण गॅप नको," तो म्हणाला. "गॅप पडला की जाहिरात देणाऱ्या पार्टीला टेन्शन येतं."

मी मयताच्या चिठ्ठ्यांचं सांगितलं. त्याचं म्हणणं, अशा चिठ्ठ्या रोज थोड्याच येतात, आणि आलीच तर माणूस येऊन घेईल की.

तिसऱ्या आठवड्यात आली. वडिलांच्या टोळीतले, आमच्या शेजारी राहणारे काका, त्यांची आई आदल्या संध्याकाळी गेली होती. ठेकेदार माझ्या बाजूलाच खुर्ची टाकून बसलेला. मी नाव पुकारलं, गाव पुकारलं आणि मसाल्याची जाहिरात लावली. जिना उतरून काकांना गाठायचं तर किती वेळ लागला असता? मी उतरले नाही. नोकरी जाईल याची भीती वाटली. त्या आठवणीने तळपायाची आग मस्तकात जाते, आणि तेव्हा समोर ठेकेदार नसतो, मीच असते.

काका दुपारी काम संपवून, घाम पुसत वर आले. घरात काहीतरी हवं असेल, असं त्यांना वाटलेलं. परतीचे ट्रक सकाळीच गेले होते. एसटीने ते गावात पोचले तेव्हा अंधार पडला होता. लोकांनी दिवस मावळेपर्यंत वाट पाहिली होती. एकुलता एक मुलगा असून आईला पुतण्याने अग्नी दिला.

दिवसकार्य उरकून काका परतले ते सरळ वर आले. त्यांनी शिव्या द्याव्यात असंच मला वाटत होतं. ठेकेदाराकडे त्यांनी पाहिलंही नाही.

"पोरी," ते म्हणाले, "तू गप का न्हाई ऱ्हायलीस?"

टेपवरचं गाणं संपत आलं होतं आणि ठेकेदार पुढचं लावायची खूण करत होता. मी टेप बंद केला आणि बटणावर हात ठेवून बसले. खाली एकेक माथाडी गोणी टाकून कर्ण्याकडे बघू लागला. नाव तर पुकारलंच नव्हतं, त्यामुळे प्रत्येकाला आपलंच घर आठवत होतं.

ठेकेदार माझा हात ओढायला आला, तेव्हा काका मध्ये उभे राहिले.