धोतराची पट्टी

आमच्या मालकांचं घोरणं सगळ्या चाळीला ठाऊक होतं. घोरण्याचं मला काही नव्हतं. घोरणं मध्येच थांबायचं, त्याची मला धास्ती. मिलची रात्रपाळी करून ते सकाळी येत, भाकरी खाऊन आडवे होत, आणि झोपेत श्वास अडकायचा. छाती हलायची, पण आत वारं जायचं नाही. मग एकदम गचका देऊन पुन्हा सुरू. मी भाकरी थापता थापता कान तिकडंच लावून बसलेली. एखाद दिवशी तो गचका आलाच नाही तर? डॉक्टरला सांगितलं, तर तो हसला. म्हणे, ‘बाई, कानात कापूस घाला.’ मुडदा बशिवला त्याचा! माझे कान नव्हते हो अडकत, नवऱ्याचा श्वास अडकत होता.

बहात्तरचा दुष्काळ सरल्यावर एकदा त्यांची दाढ ठणकली. गाल सुजला, म्हणून हनुवटीखालून डोक्यावर टॉवेल बांधून झोपवलं. आणि काय सांगू, तोंड मिटलेलं, श्वास नाकानं, एकदासुद्धा अडकला नाही! दाढ बरी झाली, पण मी बांधणं सोडायला तयार नाही. ते मात्र कटकट करायचे. टॉवेलानं उकडायचं, सोलापूरचा उन्हाळा, त्यात दिवसाची झोप. नवी पेठेतनं रुंद इलॅस्टिक आणलं, तर कानामागं वळ उठले. चादरीचा काठ लावून बघितला, तो टोचला. शेवटी सासऱ्यांचं जुनं धोतर फाडलं, धुऊन धुऊन मऊसूत झालेलं. दुहेरी पट्टी शिवली, कानांना जागा सोडली, वर बांधायला नाडी लावली. त्या दिवशी उठल्यावर म्हणाले, ‘ही चालती बघ. बांधल्यागत वाटतच न्हाय.’ मला तर रडूच आलं.

पण सुख बघवेल तर त्या वन्सं कसल्या! मालकांची थोरली बहीण, करकंबात दिलेली. आमच्या संसारात नाक खुपसल्याशिवाय तिला घास गोड लागत नव्हता. तर ही बाई एके दुपारी न कळवता आली. मी खाली नळावर होते, दार नुसतं लोटलेलं. आत बघती तर भाऊ उताणा, पाय सरळ, पांढऱ्या फडक्यानं जबडा बांधलेला. आमच्यात मेलेल्या माणसाचं तोंड उघडं राहू नये म्हणून असंच बांधतात. त्यात घोरणं बंद! जन्मात पहिल्यांदा गप झोपलेला भाऊ तिनं बघितला. नाकाजवळ बोट धरून बघावं की नाही? छे! दारातच बसकण मारून गळा काढला, ‘आरं माझ्या वाघा, आसा कसा गेलास रं!’ शेजारच्या विणकरांच्या बायका तेलुगूत ओरडत धावल्या. एकीनं तर गंगाजलाचा गडूही आणला. त्या गलक्यानं मालक उठून बसले, आणि निम्म्या बाया किंचाळत जिन्यावरनं खाली पळाल्या.

मी घागर टाकून वर आले, तर वन्सं ती पट्टी ओरबाडून काढत होत्या.

‘जित्या मानसाचं त्वांड बांधतीस? मढं करून ठिवलंस की गं माझ्या भावाचं!’

‘वन्सं, श्वास अडकतोय त्यांचा. एखाद दिवशी जीव जाईल की!’

‘आमच्या घरात समदेच घोरत्यात. कोन मेलं न्हाय!’

पट्टी चुलीत घालायला निघाल्या. मी हिसकून घेतली.

त्या रात्री मालक पाळीला गेले तर मिलमध्ये बोभाटा झालेला. जो तो विचारतोय, ‘काय पावनं, वरनं परत आलात व्हय?’ तेव्हापासून त्यांनी पट्टी बांधू दिली नाही. मी हातापाया पडले, भांडले, अबोला धरला. एकच उत्तर, ‘मरंन, पर ते फडकं नको.’ मग मीच शेजारी बसून कोपरानं ढोसायची. गचका आला की पुन्हा निवडणं-टिपणं. वर्षानुवर्षं हेच.

एके दिवशी भाजी घेऊन आले, तर खोली गप होती.

वन्सं आल्या. रडून झालं, ऊर बडवून झाला. मग डोळे पुसत मलाच हुकूम, ‘त्वांड उगडं ऱ्हायलंय गं त्येचं. कायतरी बांध की.’

मी उठले. ट्रंकेच्या तळातनं ती पट्टी काढली आणि सगळ्या बायकांच्या देखत तिच्या हातात ठेवली.

‘तुमीच बांधा, वन्सं,’ म्हटलं. ‘त्यांच्याच मापाची हाय.’