काचेच्या खिडकीचा कॉम्प्युटर

आमचे हे, म्हणजे गोरक्षराव, बसल्या बसल्या हरवतात. हातात चहा, नजर भिंतीवर. अंबडच्या कंपनीत पंचवीस वर्षं लेथ चालवतात, तिथे कसे हरवत नाहीत देव जाणे! "काय दिसतंय एवढं?" विचारलं की म्हणायचे, "कॉम्प्युटर. बाजूला काच. आत निळा पंखा फिरतोय."

घ्या! इथे आमच्या सायलीच्या जिवाला घोर. ॲनिमेशनचा नमुना दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी पाठवायचा, पसंत पडला तरच नोकरी. जुना कॉम्प्युटर एक चित्र हलवायला अर्धा तास घ्यायचा. मी म्हटलं, शोरूममधून चांगल्या कंपनीचा आणा. बिघडला तर फोन केला की माणूस घरी येतो.

"आणि आत काय आहे ते कोणाला ठाऊक?" हे म्हणाले. "मी माझ्या हातानं जोडणार."

लेकही बापाच्याच बाजूनं. असा राग आला होता मला!

मग एकेक भाग येऊ लागला. नाशिक रोडच्या आमच्या गॅलरीत बसून हे तो उन्हात धरून बघायचे. रॅमची पट्टी वीतभरही नाही, पण कडेला सोनेरी काठ. "मीना, बघ तरी." मी मुद्दाम बघायचे नाही. खरं सांगू? हे कामावर गेले की बघायचे. हळूहळू पोळ्या लाटताना मलाही तो निळा पंखा दिसायला लागला, आणि पोळी तव्यावर करपायची.

खंडेनवमीला सगळे भाग पाटावर मांडून हे आंघोळीला गेले. त्या दिवशी मी विळीला, कात्रीला, शिलाई मशीनला हळदकुंकू लावते. मग पाटावरच्यांनी काय पाप केलंय? कुंकू ओलं केलं. कॅबिनेटला लावलं, पंख्याला लावलं. रॅमला मात्र मागच्या बाजूनं, त्या सोनेरी काठावर. पुढून दिसलं असतं तर यांनी चिडवून हैराण केलं असतं.

दुपारी जोडणी झाली. बटण दाबलं. पंखा फिरला, भिंतीवर निळा उजेड हलू लागला, आणि मी क्षणभर सगळं विसरले. पण स्क्रीन काळीच. नुसतं टीं टीं.

सायलीचा चेहरा एवढुसा झाला. "बाबा, आता परवा काय पाठवू मी?"

"सांगत होते मी," माझं तोंड सुटलं. आणि तेवढ्यात कुंकू आठवलं.

यांनी वायर काढली, काच उघडली, रॅम उपसून उलटी केली. बराच वेळ बघत राहिले. मग माझ्याकडे बघितलं. मी पदराशी चाळा करत उभी.

"सायली, तुझं खोडरबर दे गं."

सोनेरी काठ हळूहळू घासला, रॅम बसते ती खाच कोरड्या ब्रशनं झाडली.

"काय झालं होतं, बाबा?"

"काही नाही. धूळ."

पुन्हा बटण दाबलं. स्क्रीन उजळली, सायली किंचाळली. दसराभर ती खुर्चीतून उठली नाही. काम पाठवलं, आणि आठवड्यानं पसंतही पडलं.

त्या दिवशी चहा देताना मी कबूल केलं, "धूळ नव्हती ती. माझं चुकलं. ऐकलं असतंत, शोरूमचा आणला असतात, तर झालंच नसतं."

हे भिंतीवरच्या निळ्या उजेडाकडे बघत होते.

"नसतंच झालं," म्हणाले. "शोरूमच्या कॉम्प्युटरमध्ये तुझं बोट आतपर्यंत पोचलं असतं का?"